चकमक झाडतात, विडी शिलगावतात. मग लायटरचं काय करतात?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत दर २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, कुणाच्या तरी घरातल्या जुन्या वस्तू मांडतात. यंदा पाळी माझी. वडिलांचा ऑस्ट्रियन इम्को लायटर, एक झिप्पो लायटर, दोरीवर चालणारा एक जुना लायटर आणि आजोबांच्या चंचीतली चकमक, एवढं मांडायचं आहे. प्रत्येक वस्तूपुढे दोन ओळींची मराठी चिठ्ठी हवी. पहिल्याच चिठ्ठीवर अडलो, म्हणून इथे लिहितो.

चकमक म्हणजे नक्की काय? घरात विचारलं तर तिघांनी ‘तो पांढरा दगड’ असं उत्तर दिलं. दगडाचं नाव गार किंवा गारगोटी. चंचीत मात्र तीन गोष्टी आहेत: गारगोटी, पोलादाची वाकवलेली पट्टी आणि डबीत अर्धवट जाळून ठेवलेला कापूस. ‘चकमकीचा दगड’ असं आपण म्हणतो, त्यातच दगड वेगळा आणि चकमक वेगळी हे आलं. माझ्या मते गार आणि पोलाद ही जोडी म्हणजे चकमक. शब्द मूळचा तुर्की, फारसीतून आपल्याकडे आलेला. तुर्कीत ‘चाकमाक’ या क्रियापदाचा अर्थ ठोकणं, ठिणगी पाडणं. वीज चमकते तीही चाकमाकच. आणि तुर्कस्तानात आजही खिशातल्या लायटरला चाकमाक म्हणतात! त्यांनी वस्तू बदलली, शब्द ठेवला. आपण वस्तू टाकली आणि शब्द पोलिसांच्या बातम्यांना देऊन टाकला.

तरी त्या बातम्यांमध्ये जुनी वस्तू अजून दिसते. चकमक ‘उडते’, कारण ठिणग्या उडतात. चकमक ‘झडते’, कारण ती ‘झाडायची’ असते. आजोबा ‘चकमक पेटव’ असं कधी म्हणाले नाहीत, ‘चकमक झाड’ म्हणायचे. नौबत झडते, फैरी झडतात, गोळी झाडतात. आघातावर आघात जिथे आहे तिथे हे क्रियापद आहे. आता प्रश्न असा की लायटरला क्रियापद कोणतं लावायचं?

घणसोलीहून एक ताई लिहितात:

काका, चकमकीबरोबर विस्तवाचाही विचार करा. माझ्या सासूबाईंच्या लहानपणी काडेपेटी घरात असायची, पण सकाळची चूल काडीनं पेटत नसे. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे, पहाटे राख सारून फुंकणीनं फुलवायचे. विझलेच तर शेजारून गोवरीच्या तुकड्यावर निखारा आणायचा. ‘त्या दोन घरांत विस्तव जात नाही’ हे त्यातलंच. भांडण इतकं टोकाला गेलेलं की साधा निखारासुद्धा इकडचा तिकडे होत नाही. माझ्या मुलीला याचा अर्थ विचारला तर ती म्हणाली, ‘त्यांच्यात आग लागत नाही, म्हणजे चांगलं आहे ना?’ दोष तिचा नाही. तिनं विस्तव हातात धरून नेताना कुणाला पाहिलेलंच नाही.

आणखी एक. थंडीत आम्ही पनवेलकडे पोपटीला जातो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा घालून मडकं उपडं ठेवतात, भोवती पेंढा आणि झावळ्या रचतात. तिथे आमच्यात कुणी ‘पोपटी पेटवली’ म्हणत नाही. पोपटी लावतात, दिवा लावतात तशी. शेतातला राब, म्हणजे पेरणीआधी जाळायचा पालापाचोळा, मात्र भाजतात. आग एकच, पण कशासाठी केली त्यावर क्रियापद ठरतं.

मी:

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यानं माझं अर्धं काम झालं. त्याला एक जोड देतो: कशासाठी केली याबरोबरच आग कुठल्या टप्प्यावर आहे यावरही क्रियापद ठरतं.

काल अंगणात लोखंडी घमेल्यात करून पाहिलं. (येऊरला जाऊन दाखवा, असा एकाचा आग्रह होता. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे आग करायची नसते. मी सरळ नाही म्हटलं.) चकमक झाडली की ठिणगी कापसावर पडते. कापूस धुमसतो, लाल होतो, पण ज्वाळा येत नाही. चिलीम ओढणाऱ्याचं काम इथेच होतं, आणि याला शब्द आहे शिलगावणं. विडी शिलगावतात, चिलीम शिलगावतात, शेगडी शिलगावतात. दिवा शिलगावला असं कुणी म्हणणार नाही, कारण दिव्याला ज्वाळा लागते. चूल करायची तर तो धुमसता कापूस नारळाच्या सोडणाच्या काथ्यात गुंडाळून फुंकायचा. मग तो फुलतो, धूर दाट होतो आणि एकदम पेट घेतो. झाडणं, धुमसणं, फुलवणं, पेटणं. पेट घ्यायला मला आठ-दहा मिनिटं लागली, आणि प्रत्येक मिनिटाला वेगळा शब्द तोंडात आला. लायटर हे सगळं एका खटक्यात करतो. मधले शब्द मागे का पडले, ते घमेल्याशेजारी बसल्यावर कळलं.

दोरीचा लायटर याच वाटेवरचा आहे. त्याच्यात ना गॅस ना पेट्रोल. चाक फिरवलं की ठिणगी दोरीच्या टोकावर पडते आणि टोक धुमसत राहतं. वारा आला तर विझत नाही, उलट फुलतं. याला मराठीत नवा शब्द शोधायची गरजच नाही. तोड्याच्या बंदुकीला आग द्यायची धुमसती वात म्हणजे जामगी. हा जामगीचा लायटर.

अंबरनाथहून एक वाचक:

काडीला विसरू नका. १९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विम्कोचा कारखाना आमच्या गावात होता. तो गेला, विम्को नाका राहिला. आमच्या घरी काडी ‘ओढायची’ आणि तिच्या टोकाला ‘गुल’ म्हणायचे. दुकानात सगळे माचिस मागतात, मी अजून काड्याची पेटी मागतो आणि मिळते. गंमत अशी की लायटर काडीपेक्षा वयानं मोठा आहे: डोबरायनरचा हायड्रोजनवर चालणारा दिवा १८२३चा, तर जॉन वॉकरच्या घासून पेटणाऱ्या काड्या विकायला आल्या १८२७ साली.

वर्तकनगरहून, रसायनशास्त्र शिकवलेले एक गुरुजी:

चिठ्ठीत एक चूक टाळा. लायटरचा दगड बदलून द्या, असं आपण दुकानात सांगतो. तो दगड नाही, धातू आहे. सिरियम आणि लोखंड यांच्या या मिश्रणाचं पेटंट कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ साली घेतलं. पेट्रोमॅक्सच्या बत्तीचं मेंटल, म्हणजे तापून उजळणारी जाळी, तीही मुळात त्यांचीच. मेंटलसाठी मोनाझाइट वाळूतून थोरियम काढलं की सिरियमसारखे धातू उरायचे. त्या उरलेल्या मालाला काम मिळालं ते लायटरमध्ये.

यात तुमच्या शब्दासाठीही काही आहे. चकमकीत गार पोलादापेक्षा कठीण असते, ती पोलादाचे बारीक कण तासते आणि ते कण हवेत जळतात. म्हणजे ठिणगी लोखंडाची, दगडाची नव्हे. लायटरमध्ये उलट होतं. पोलादी चाक त्या मऊ ‘दगडाला’ तासतं आणि ठिणगी ‘दगडाची’ पडते.

मी:

गुरुजी, नमस्कार. यामुळे माझा एक हट्ट सुटला. लायटरला चकमक म्हणावं असं मनात होतं, ते सोडलं. लायटर रुळलेला शब्द आहे, राहू दे. स्वयंपाकघरात आपण ‘लायटर मार’ म्हणतो तेही मला आवडतं. त्या लायटरमध्ये ना दगड ना तेल, स्फटिकावर दाब पडून वीज उडते. तरी ‘मारणं’ आहेच, झाडण्याचं धाकटं भावंड.

चिठ्ठ्या अशा लिहिल्या आहेत:

चकमक. गार, पोलाद आणि जळका कापूस. ही झाडतात. ठिणगी पोलादाची.

जामगीचा लायटर. याच्यावर विडी शिलगावता येते, दिवा लागत नाही.

इम्को आणि झिप्पो. हे पेटवतात. यांच्यातला दगड धातूचा आहे.

चौथी चिठ्ठी ताईंच्या सांगण्यावरून वाढवली. तिच्यापुढे आईची जुनी लोखंडी फुंकणी ठेवणार आहे आणि लिहिणार आहे: विस्तव. हा शेजारून आणत.