ट्रेडमिल टेस्ट (टीएमटी): तुमचे अनुभव सांगा

जिना चढताना वडिलांच्या छातीत जडपणा येतो, म्हणून डॉक्टरांनी टीएमटी करायला सांगितली आहे. 'मशीनवर पळवतात म्हणे, तिथेच काही झालं तर?' हे त्यांच्या मनातून जात नाही. ज्यांची झाली आहे त्यांनी नेमकं काय होतं ते लिहा, मी त्यांना वाचून दाखवेन.

*

पळवत नाहीत, चढ चढवतात. माझी ब्रूस पद्धतीने झाली. दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सुरुवात ताशी 2.7 किमीने, म्हणजे रमतगमत, पण पट्टा तेव्हाच 10 टक्के चढावर असतो. तिसऱ्या टप्प्यात वेग साडेपाचला जातो, पोटऱ्या भरून येतात. माझं वय 52. 220 मधून वय वजा केलं की हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके अंदाजे कळतात. माझे 168, त्याच्या 85 टक्के म्हणजे साधारण 143 ठोके गाठायचे होते. बोलताना धाप लागत होती, पण जमलं.

*

आधी दोन-तीन तास काही खाऊ नका, चहा-कॉफी टाळा, चालायचे बूट घाला. ईसीजीच्या तारांचे इलेक्ट्रोड (छातीवरच्या चकत्या) नीट चिकटावेत म्हणून त्वचा घासून पुसतात, पुरुषांचे छातीवरचे केस काढतात. चालता चालता दंडावरचा बीपीचा पट्टा करकचून आवळतो, तेव्हा दचकू नका. आणि गोळ्यांची यादी आधी दाखवाच. बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयासाठी देतात ती एक गोळी) ठोके वाढू देत नाही, म्हणून कधी कधी तो थांबवायला सांगतात. पण आपल्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही!

*

काकांना हे जरूर वाचून दाखवा. दुसऱ्या टप्प्यात माझा जबडा दुखू लागला. छातीत काहीच नव्हतं, तरी मी लगेच बोललो. ईसीजीतली एसटी रेषा तेव्हाच खाली गेलेली दिसत होती, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण. पट्टा थांबवून मला आडवं केलं, जिभेखाली गोळी दिली. डॉक्टर शेजारीच होते, शॉक द्यायचं यंत्रही खोलीत तयार होतं. पुढे अँजिओप्लास्टी झाली. हे दुखणं घरी एकटा असताना उठलं असतं तर, हा विचार आजही येतो. दुखलं, गरगरलं, तर तिथल्या तिथे सांगायचं. सहन करून दाखवायची ही परीक्षा नाही.

*

माझी पॉझिटिव्ह आली आणि घरात रडारड झाली. अँजिओग्राफीत सगळ्या रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. बायकांमध्ये असा खोटा पॉझिटिव्ह जास्त दिसतो, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. आधीच सांगायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

*

सासूबाईंचे गुडघे चालण्यासारखे नव्हते. त्यांना झोपवून डोब्युटामिनचं सलाइन लावलं, ठोके वाढवले आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. धडधड बरीच जाणवली, औषध बंद केल्यावर काही मिनिटांत ओसरली.

*

एक राहिलंच. पट्टा थांबला की लगेच तारा काढत नाहीत. काही बदल विश्रांतीतच दिसतात, म्हणून ठोके आणि बीपी खाली येईपर्यंत ईसीजी चालू ठेवतात. तेवढा वेळ हातात ठेवूनच जा.