स्वर्गात कंटाळा येईल म्हणणाऱ्यांनो, आधी आपला स्वर्ग तरी बघा

उंबरठा:
परवा 'तर्कट' यांनी लिहिलं, की अनंतकाळ जगणं म्हणजे अनंतकाळ कंटाळा, हे बर्नर्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७३ सालीच सिद्ध केलंय. तेव्हा स्वर्ग ही बावळट कल्पना आणि आपले पूर्वज बावळट. उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

विल्यम्सचा सगळा डोलारा चापेक या चेक लेखकाच्या नाटकावर उभा आहे. त्यातल्या एलिनाला राजवैद्य बाप औषध पाजतो, ती तीनशेहून जास्त वर्षं जगते, आतून थिजून जाते आणि शेवटी दुसरा डोस नको म्हणते. ठीक. पण ही तीच बाई, तोच स्वभाव, तीच आठवण. असा स्वर्ग आपल्याकडे आहे कुठे? गीतेच्या नवव्या अध्यायात सरळ आहे, 'क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति'. म्हणजे प्रीपेड. बॅलन्स संपला की या खाली. आठव्यात तर ब्रह्मलोकापर्यंतचे सगळेच परत फिरणारे. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, पण त्यालाही त्याच्या मापाने शंभरच वर्षं. कायमस्वरूपी नोकरी कुणालाच नाही!

आणि कंटाळ्यावर उपाय म्हणाल तर पाटी कोरी करून नवा जन्म. मला विचाराल तर मोक्षबिक्ष नको. तुकोबा म्हणतात तेच, 'न लगे मुक्ति धन संपदा... गर्भवासीं सुखें घालावें आम्हांसी'.

तर्कट:
'बावळट' हा शब्द मी वापरलेला नाही, 'भाबडे' म्हणालो होतो. 'सिद्ध केलं' हे मात्र मागे घेतो, घ्या. पण पाटी कोरी केल्यावर 'मी' उरलो कुठे? उद्या सांगलीत एक पोर जन्मलं, त्याला माझं काही आठवत नाही, माझा स्वभाव नाही, नाव नाही. तो मीच, हे कशावरून? हा कंटाळ्यावरचा उपाय नाही हो, हा साधा मृत्यूच आहे, वर बारशाचे पेढे. त्यापेक्षा चार्वाक बरा, 'भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः'. विषय संपला.

माजघर:
उंबरठा, तुकोबांची मधली ओळ सोयीने गाळलीत. 'संतसंग देईं सदा' अशी अट आहे. आमच्या सोसायटीच्या मीटिंगचा संग त्यांनी मागितलेला नाही. आणि 'गर्भवासीं सुखें' म्हणताना बाळंतपण कुणाच्या वाट्याला, तेही एकदा बघा. एवढं बोलून गप्प बसणार होते, पण तर्कटांचं 'विषय संपला' वाचलं आणि राहवेना.

माझे सासरे गेले तेव्हा दहाव्याला कावळा शिवेना. दोन तास. ऊन चढलं. थोरल्याने सांगितलं, शेत विकणार नाही. धाकट्याने सांगितलं, आईला अंतर देणार नाही. नणंदेने काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. शेवटी मी मागून हळूच म्हटलं, मामा, तुमचा रेडिओ भंगारात देणार नाही. आला की कावळा! आता यावर तुमचा १९७३ सालचा माणूस काय म्हणतो?

तर्कट:
म्हणेल, की घाटावरच्या कावळ्यांची पोटं सकाळपासून भरलेली असतात. दहा पिंडं खाल्ल्यावर अकराव्याला कोण धावेल? दोन तासांनी भूक लागली, आला. त्या वेळी तुमच्याऐवजी कुणी वीजबिलाबद्दल बोललं असतं तर इच्छा वीजबिलाची ठरली असती.

माजघर:
तुमच्या घरात कुणी गेलं नसावं अजून. चांगलंच आहे.

तर्कट:
वडील गेले, तीन वर्षं झाली. कावळा आला नाही. दर्भाचा करून शिववला, आणि त्याचे वेगळे पैसे घेतले घाटावरच्या गृहस्थांनी. कुठला घाट ते सांगत नाही. त्या दिवशी मला कळलं की परलोक असो नसो, त्याचं दरपत्रक आहे.

पळीपंचपात्र:
झालं, आला विषय दक्षिणेवर! दर्भाच्या कावळ्याची सोय रूढीने केली ती माणसं उन्हात ताटकळू नयेत म्हणून. डॉक्टरला फी देताना कुणी तत्त्वज्ञान काढत नाही. आम्ही रोज सकाळी सहाला नदीवर, थंडीत, परक्यांच्या दुःखात उभे असतो. आणि रोज संकल्पात श्वेतवाराहकल्प, वैवस्वत मन्वंतर म्हणतो. म्हणजे ज्या अनंत काळावर तुम्ही घरी बसून धागे काढता, त्यातला पत्ता आम्ही रोज लिहून देतो.

नागपूरकर_५६:
पत्ता लिहिता, पण पत्र पोचल्याची पोच कुणाकडे नाही. आमच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हाच बावीसपैकी सहाव्या प्रतिज्ञेने श्राद्धपक्ष, पिंडदान बंद. तेव्हापासून घरातल्या कुणाचाही आत्मा उपाशी राहिल्याची तक्रार आलेली नाही. मालुंक्यपुत्त या भिक्खूने बुद्धाला हेच विचारलं होतं, तथागत मरणानंतर असतो की नसतो. बुद्ध म्हणाले, बाण लागलाय, तो आधी काढायचा की मारणाऱ्याची जात आणि धनुष्याचं लाकूड विचारत बसायचं? पाचशे वर्षं विचारत बसा.

पळीपंचपात्र:
मग तुमच्याकडे कुणी गेल्यावर जलदान विधी कशासाठी करतात? पाणी कुणाला?

नागपूरकर_५६:
ते मेलेल्यासाठी नसतं, मागे राहिलेल्यांसाठी असतं. पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्याच्या चांगल्या कामांना दाद.

माजघर:
म्हणजे आमचा कावळासुद्धा तेच करतो की. दोन भावांनी चारचौघांत आईला सांभाळायचं कबूल केलं, ते कुणासाठी होतं?

नागपूरकर_५६:
...मुद्दा आहे. आमच्या वस्तीत किती जण ते मेलेल्यासाठीच समजून करतात, तेही विचारू नका. माझी आईसुद्धा. पण आम्हाला घाटावर कोण कुठे उभं राहील हे ठरवून दिलेलं होतं, तुम्हाला नव्हतं. हा फरक कावळ्याने मिटत नाही.

पाषाण:
धागा अमरत्वाचा आणि अजून अश्वत्थामा आला नाही? सगळे म्हणतात तो असीरगडावर जखमेला तेल मागत फिरतो, कल्पांतापर्यंत. महाभारतातलं सौप्तिक पर्व उघडा. शाप तीन हजार वर्षांचा आहे, 'त्रीणि वर्षसहस्राणि'. अमर नाहीच तो. चिरंजीवांच्या श्लोकाने घोळ घातला.

उंबरठा:
मुदत संपून गेली असेल मग. तेल देणं बंद करा कुणीतरी.

आणि धागा माझा होता, याची कृपया नोंद घ्यावी. तर्कटांच्या 'तो मीच कशावरून' याला उत्तर राहिलं. खरं सांगायचं तर दोन दिवस शोधतोय. मिलिंद राजाला नागसेन भिक्खू दिव्याचं उदाहरण देतो: पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची, तीच नाही, वेगळीही नाही. ऐकायला झकास. पण मला 'मी' परत हवा असेल तर असल्या ज्योतीने माझं भागत नाही. म्हणजे गीतेचा आधार देऊन मी जे मागत होतो ते तुमच्या एलिनाचंच औषध निघालं. हसा.

तर्कट:
हसत नाही. माजघर, तो रेडिओ आहे का अजून?

माजघर:
आहे. सेल घालत नाही. दिवाळीला पुसते.

पाषाण:
मर्फी की बुश? सेल आत राहिले असतील तर आधी काढा, गळून सगळं खाऊन टाकतात.