कापसाच्या हंगामात क्लास लावू नका

"दिवाळी झाली की संध्याकाळचा टायपिंगचा क्लास लावतो" असं वर दादांनी लिहिलंय. दादा, तुम्हीही जिनिंगमध्येच (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) आहात म्हणून कळकळीनं सांगतो, दिवाळीनंतर नका लावू. मी हिंगणघाटकडं एका जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वजनकाट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग असते, शेवटची काटापावती फाडल्याशिवाय उठता येत नाही. मी नेमका तेव्हाच मराठी 30 चा, म्हणजे मिनिटाला 30 शब्दांच्या टायपिंगचा क्लास लावला होता. महिन्यात जेमतेम नऊ-दहा हजेऱ्या. फी गेली त्याहून बोटांना बसलेलं वळण मोडलं, ते जास्त लागलं. टायपिंगला रविवारी एकदम तीन तास बसून भागत नाही, रोजचा हात लागतो.

पुढच्या वेळी मार्चमध्ये सुरू केलं. मालकांना आधीच सांगितलं, सकाळी अर्धा तास लवकर येतो, सहाला सोडा. त्यांनी ऐकलं. आणि बॅच ठरवण्याआधी शेवटची एसटी बघा! माझी साडेआठची होती, म्हणून सात ते आठचीच बॅच मागून घेतली. डब्यातली एक भाकर आणि मिरचीचा ठेचा राखून ठेवायचो, स्टँडवर गाडीची वाट बघत खायचो. उपाशीपोटी घरी पोचलं की सरळ झोपच लागते.

पदवी करायची असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं जवळचं अभ्यासकेंद्र गाठा, रोजची येजा वाचेल. तुमच्या गावाला शेवटची गाडी किती वाजता आहे?