सोयाबीनची उगवण चाचणी: घरात ७८, पत्र्याखाली ५१. कोणतं धरायचं?

काळीमाती (औसा):
घरचंच बियाणं, फुले संगम वाण. पोतं एकच, दाणे शंभर-शंभर मोजून घेतले, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळ्या केल्या. एक आतल्या खोलीत गार फरशीवर ठेवली. दुसरी पत्र्याच्या शेडात, कारण धाकटा म्हणाला, "शेतात काय एसी असतो का?" आतल्या गुंडाळीत ७८ उगवले, शेडातल्यात ५१. तिथले उरलेले दाणे बोटाला बुळबुळीत लागतात, आंबूस वास येतोय. वडिलांनी वेगळेच तांब्यात रात्रभर भिजत घातले होते, त्यातले निम्मे सालीसकट फाटले. आता एकरी ३० किलो धरू की वाढवू?

तिफण:
कशाला डोकं लावता, सरळ ३५ टाका. दुबार पेरणीपेक्षा परवडतं.

जुना कृषी सहायक:
३५ नको. दाट झालं की नुसतं वाढतं, शेंगा कमी धरतात.

सोयाबीनला उगवायला २५ ते ३० अंश मानवतं. मे महिन्यात पत्र्याखाली चाळिशी सहज ओलांडते. त्यात गोणपाट चिंब असेल तर दाण्याला हवाच मिळत नाही, मग दाणा कुजतो. तो वास कुजण्याचाच. जूनमध्ये ७५ ते १०० मिमी पाऊस मुरल्यावर ३ ते ५ सेंमी खोलीवरची माती गार असते, म्हणून हिशेबाला आतली गुंडाळी धरा. पण धाकट्याला हसू नका. ३० मिमीवर घाई करून पेरलं आणि वर ऊन पडलं, तर रानात शेडासारखीच गत होते.

तांब्यातल्या दाण्यांवरून बियाणं वाईट ठरवू नका. सोयाबीनची साल पातळ, कोरडा दाणा एकदम पाणी ओढतो आणि आतून फाटतो. हरभरा भिजवतो तसं हे भिजवायचं नसतं. पोती आपटू नका तीही याच सालीपायी.

एक विचारतो, ७८ मोजले कसे? मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच धरायचे.

काळीमाती:
मोजताना धाकट्याने वाकडे-तुटके बाजूला काढलेत. ते सहा सोडले तर ७२.

जुना कृषी सहायक:
मग ३० किलो पुरे. ७० च्या खाली गेलं असतं तर दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा म्हटलं असतं, आणि ६० च्या खाली असतं तर सरळ तेलाला घाला. एवढं मात्र करा, पेरणीच्या आठवडाभर आधी त्याच पोत्यातले शंभर दाणे पुन्हा लावा. घरात उकाडा वाढला की पोत्यातलं बीही उतरतं.

तिफण:
आणि रायझोबियमचं जिवाणू खत कधी लावायचं?

जुना कृषी सहायक:
आधी थायरम हे बुरशीनाशक बियाण्याला चोळा, किलोला ३ ग्रॅम. रायझोबियम शेवटी, पेरायच्या दोन-तीन तास आधी, आणि सावलीतच सुकवा.



काळीमाती:
पोतं शेडातून आत आणलंय. पुढची गुंडाळी मृगाच्या तोंडावर लावतो.