पॅटीच्या बिदागीला नावं का ठेवायची? (चर्चा: व्हिक्टोरियन काळातल्या ऑपेरा गायिका)

आर्द्रा (मूळ धागा)

ॲडेलिना पॅटी पैशाला घट्ट होती म्हणून तिला नावं ठेवायची आणि जेनी लिंड दानशूर होती म्हणून तिला डोक्यावर घ्यायचं, ही रीत आता बंद व्हावी असं मला मनापासून वाटतं. नुसती बंद व्हावी एवढंच नाही. लिंडच्या साधेपणाचे जे गोडवे गायले गेले, त्यांची किंमत पुढच्या गायिकांनी मोजली, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांना ही नावं नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. जेनी लिंड स्टॉकहोमची, जन्म १८२०. १८४७ च्या मे महिन्यात लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरात तिचं पहिलं गाणं झालं तेव्हा खुद्द राणी व्हिक्टोरिया हजर होती, आणि सगळं शहर वेडं झालं. दोनच वर्षांनी, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, तिने ऑपेराचा रंगमंच कायमचा सोडला आणि पुढे फक्त मैफली आणि धार्मिक संगीत गायली. पॅटी १८४३ ची. आईवडील इटालियन गायक, जन्म माद्रिदचा, बालपण न्यूयॉर्कात. सोळाव्या वर्षी ऑपेरात उभी राहिली, १८६१ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात आली आणि पुढे ओळीने २५ हंगाम तिथे गायली.

अमेरिकेच्या दौऱ्यात पॅटी एका रात्रीचे ५,००० डॉलर घ्यायची, आणि तेही प्रयोगाआधी. तिचा इम्प्रेसारियो (ऑपेराचे प्रयोग लावणारा ठेकेदार) मेपल्सन याने आपल्या आठवणींत एक किस्सा दिलाय. एकदा तिच्या ठरलेल्या १,००० पौंडांपैकी त्याच्याकडे ८०० च होते. निरोप आला की बाईसाहेब पोशाख करून थिएटरात येतील, पण बूट घालणार नाहीत. दारं उघडली, तिकीटविक्रीतून आणखी १६० पौंड जमले, तेव्हा एक बूट पायात गेला. उरलेले ४० पोचल्यावर दुसरा. मग ती रंगमंचावर गेली आणि नेहमीसारखी गायली.

हा किस्सा लोक हसायला सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्या काळी ऑपेराचे ठेकेदार दर दोनचार वर्षांनी बुडायचे. लिंडला लंडनला आणणाऱ्या लम्लीलाही १८५२ नंतर थिएटरला टाळं लावायची वेळ आली. ठेकेदार बुडाला की वाद्यवृंदापासून गायिकेपर्यंत सगळ्यांचे पैसे बुडत. गळा हे असं भांडवल की पंचविसेक वर्षांत संपायचं. अशा धंद्यात आधी पैसे मोजून घेणारी बाई हावरट कशी? पुरुषाने हेच केलं असतं तर त्याला व्यवहारी म्हटलं असतं.

---

नीलकंठ

आर्द्राताई, पॅटीची बाजू घेतलीत ते चांगलंच केलंत, पण त्यासाठी लिंडला खाली खेचायची गरज नव्हती.

आधी पैसे मोजून घ्यायची रीत पॅटीची नव्हेच. १८५० मध्ये बार्नम या अमेरिकन खेळ-तमाशेवाल्याने लिंडला तिकडे बोलावलं तेव्हा करार काय होता ते पाहा. १५० मैफली, प्रत्येकी १,००० डॉलर. शिवाय सोबतचा संगीतकार बेनेडिक्ट याला २५,००० आणि बॅरिटोन (मधल्या पट्टीचा पुरुष गायक) बेलेत्ती याला १२,५००. हे सगळे मिळून १,८७,५०० डॉलर तिने युरोपचा किनारा सोडण्याआधी लंडनच्या बेअरिंग पेढीत जमा करायला लावले. बार्नमला त्यासाठी घरदार गहाण टाकावं लागलं. न्यूयॉर्कला पोचल्यावर करार पुन्हा लिहिला गेला, त्यात ठरलेल्या बिदागीवर नफ्याचा हिस्साही मिळाला. ९३ मैफलींनंतर ती बार्नमच्या जाहिरातबाजीला कंटाळली, करारातला दंड भरला आणि स्वतःचा दौरा स्वतः पुढे चालू ठेवला. ही काय भोळीभाबडी बाई वाटते तुम्हाला?

आणि ऑपेरा सोडणं ही माघार नव्हती. विसाव्या वर्षापर्यंत तिच्या गळ्याची चाळण झालेली होती. १८४१ मध्ये ती पॅरिसला मॅन्युएल गार्सियाकडे गेली. (स्वरयंत्र आरशाने पाहण्याची युक्ती शोधणारे गुरुजी ते हेच.) त्यांनी गाणं ऐकलं आणि काही आठवडे गाणं पूर्ण बंद, बोलणंही जमेल तितकं कमी, असं सांगितलं. त्यानंतर पहिल्यापासून आवाज लावायला शिकवला. आवाज जाण्याची भीती ज्या मुलीने विसाव्या वर्षी पाहिली, तिने अठ्ठाविसाव्या वर्षी, सगळं जग पायाशी असताना, 'आता पुरे' म्हटलं. माझ्या मते त्या शतकात कुठल्याच गायिकेने यापेक्षा मोठा निर्णय घेतला नाही.

---

आर्द्रा

नीलकंठ, तुमचा करार तर माझ्याच बाजूने साक्ष देतो! लिंडनेही पैसे आधी ठेवून घेतले. मग हावरट फक्त पॅटीच का ठरली? कारण लिंडच्या पैशावर दानाचं वेष्टन होतं. बार्नमने करार केला तेव्हा तिचं गाणं एकदाही ऐकलेलं नव्हतं, हे त्याने स्वतः सांगितलंय. त्याने विकलं काय? तिचं शील, तिची भक्ती, तिचं दातृत्व. पहिल्या मैफलीचं पहिलं तिकीट लिलावात २२५ डॉलरला गेलं, आणि ते एका टोपीवाल्याने घेतलं, कारण त्यात त्याच्या दुकानाची जाहिरात होती. पहिल्या मैफलीतला आपला वाटा तिने शहरातल्या संस्थांना वाटला, हे खरं आणि चांगलंच आहे. पण त्याचीही बातमी झाली, आणि पुढचं तिकीट आणखी महाग झालं.

माझा राग लिंडवर नाही. 'चांगल्या बाईने पैसे घ्यावेत, पण लगेच वाटून टाकावेत' हा जो नियम तिच्या नावाने तयार झाला, त्यावर आहे. हा नियम टेनरना, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुष गायकांना, कधी लावला गेला?

---

वकीलकाका

दानशूर कोण आणि हावरट कोण यावर तुम्ही दोघं भांडताय. या बायकांच्या कमाईवर कायद्याने कोणाचा हक्क होता, ते आधी बघू या.

इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्यापर्यंत विवाहितेची कमाई नवऱ्याची. १८८२ च्या कायद्याने तिला मालमत्तेचा पूर्ण हक्क दिला. म्हणजे लिंडच्या लंडनमधल्या भराच्या काळात कुठलीही विवाहित गायिका रात्रीला शेकडो पौंड कमवू शकत होती आणि त्यातला एक पेनीही कायद्याने तिचा नव्हता. वेगळी तजवीज लिहून ठेवली असेल तरच काही हाती लागायचं. पॅटीचं पहिलं लग्न १८६८ मध्ये एका फ्रेंच मार्क्विसशी झालं. १८७७ मध्ये ते वेगळे झाले, पण फ्रान्सने घटस्फोटाला परत परवानगी दिली १८८४ मध्ये, म्हणून तिची सुटका १८८५ साली. त्या सुटकेपायी निम्मी मिळकत नवऱ्याच्या हातात द्यावी लागली. हे माहीत असलं की बुटाचा किस्सा वेगळाच ऐकू येतो.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्याकडे कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. योहाना वाग्नर, संगीतकार वाग्नरची पुतणी. १८५२ मध्ये तिने लम्लीशी करार केला: तीन महिने त्याच्याच थिएटरात गायचं, दुसरीकडे नाही. कॉव्हेंट गार्डनचा ठेकेदार फ्रेडरिक गाय याने जास्त पैसे देऊ केले आणि ती तिकडे निघाली. लम्ली कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, तुला गायला लावणं आमच्या हातात नाही, पण दुसरीकडे गाण्यापासून अडवू शकतो. परिणामी ती त्या हंगामात कुठेच गायली नाही. आपल्या १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं ४२ वं कलम याच तत्त्वावर उभं आहे. नोकरी सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत जाणाऱ्या पुण्यामुंबईच्या इंजिनिअरांविरुद्धच्या खटल्यांतही या बाईचा दाखला निघतो.

आणि आर्द्रा, तुझ्या कामाची एक गोष्ट. जेनी लिंडनेही करार मोडलेला आहे. लंडनच्याच ड्रुरी लेन थिएटरचा ठेकेदार बन याच्याशी आधी करार केला, मग तो न पाळता लम्लीकडे गायली. बनने दावा लावला आणि १८४८ मध्ये त्याला २,५०० पौंड भरपाई मिळाली. तिच्या लौकिकाला मात्र तडासुद्धा गेला नाही.

---

खर्ज

लिंड आणि पॅटी यांच्यापलीकडे या धाग्याला कोणी दिसतच नाही याचं वाईट वाटतं. पोलिन व्हियार्दो कुठे आहे?

गार्सियांचीच धाकटी बहीण, तीही गायिका. थोरली बहीण, गायिका मालिब्रान, १८३६ मध्ये मँचेस्टरला अठ्ठाविसाव्या वर्षी वारली. तिच्यानंतर ही पोर १८३९ मध्ये लंडनला 'ओथेल्लो'च्या ऑपेरात डेस्डिमोना म्हणून उभी राहिली. रूप बेताचं, आवाजही लिंडसारखा निर्मळ नाही, असं तेव्हाचे लोक म्हणायचे. पण १८४९ मध्ये मायरबेअरच्या 'ल प्रोफेत' या ऑपेरात तिने नायकाच्या आईची भूमिका केली आणि लोक नायिकेला विसरले. दहा वर्षांनी संगीतकार बर्लियोझने ग्लुकचा जुना ऑपेरा 'ऑर्फे' खास तिच्या गळ्यासाठी नव्याने बांधला. बाईने पुरुषाची मध्यवर्ती भूमिका केली आणि शंभरावर प्रयोग झाले. १८६३ मध्ये रंगमंच सोडल्यावर शिकवत राहिली, रचना करत राहिली. १९०४ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, तिची छोटी ऑपेरा सादर झाली.

तिची बिदागी किती होती यावर कुणी वाद घालत नाही, आणि तिने दान किती केलं यावरही नाही. तिच्याबद्दल लोक बोलतात ते कामाविषयी. मला विचाराल तर खरी मोकळीक तिला मिळाली.

---

आर्द्रा

खर्ज, व्हियार्दोबद्दल एकेक अक्षर मान्य. पण तिच्या नवऱ्याने थिएटरचं संचालकपद सोडून तिच्या दौऱ्यांची व्यवस्था पाहिली, आणि घरात पैसा होता. अशी सोय असलेल्या बाईला पैशाचा हिशोब चारचौघांत करावा लागत नाही. पॅटीला आठव्या वर्षापासून गाऊन घर चालवायला मदत करावी लागली.

---

मेघना_कार्डिफ

मी क्रेग-ई-नॉसला जाऊन आलेय, म्हणून थोडं. वेल्समधल्या टावे नदीच्या खोऱ्यातला हा वाडा पॅटीने १८७८ मध्ये घेतला आणि १८९१ मध्ये तिथे स्वतःचं थिएटर बांधलं. साधारण दीडशे माणसं बसतील एवढंच. अजून जागेवर आहे. पडद्यावर खुद्द पॅटीच रंगवलेली आहे, ऑपेरातल्या राणी सेमिरामिडेच्या वेशात, रथ हाकताना. प्रेक्षागृहाची जमीन उचलून रंगमंचाच्या पातळीला आणता यायची, म्हणजे गाणं संपलं की तिथेच नाच. कुठल्याही ठेकेदाराला न विचारता, हवं तेव्हा आणि हवं ते गायची सोय एका गायिकेने स्वतःच्या कमाईतून केली, हे तिथे उभं राहिल्यावर फार जाणवतं.

ग्रामोफोन कंपनीची माणसं १९०५ मध्ये यंत्रं घेऊन याच वाड्यावर आली. पॅटी बासष्ट वर्षांची. कर्ण्यात तोंड घालून गायचं, आणि जोरकस स्वर आला की मागे सरायचं, नाहीतर सुई उडायची. पहिली तबकडी ऐकल्यावर ती म्हणाली, आता कळलं मी पॅटी का आहे, असं तिच्या पियानोवादकाने लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी तिने 'ला सोन्नाम्बुला' या ऑपेरातलं नायिका अमीनाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. १८६१ मध्ये लंडनला ती याच भूमिकेत पहिल्यांदा गायली होती. दमसास कमी झालाय, वरचे स्वर जपून घेतलेत, सूर उतरवलाय, पण शब्द सोडताना ती ज्या सावकाशीने स्वर खाली आणते ते एकदा ऐकाच. लिंड १८८७ मध्ये गेली, तिचा आवाज आपल्याला ऐकायलाच मिळत नाही.

---

नीलकंठ

मेघनाताई, छान लिहिलंत. पण वाडा आणि पडद्यावरचं स्वतःचं चित्र हा जर स्वातंत्र्याचा पुरावा असेल, तर लिंडकडे काय होतं तेही सांगतो. नॉर्विचला तिच्या मैफलींच्या पैशातून १८५४ मध्ये लहान मुलांचं रुग्णालय उभं राहिलं. संगीतकार मेंडेल्सोनच्या स्मृतीसाठी १८४८ मध्ये ती लंडनला त्याची धार्मिक रचना 'एलायजा' गायली, त्यातून जी शिष्यवृत्ती निघाली ती पहिल्यांदा मिळाली पुढे संगीतकार झालेल्या आर्थर सलिव्हनला. १८८३ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झालं तेव्हा ती तिथे गायनाची प्राध्यापक झाली. आर्द्राताई याला वेष्टन म्हणतात. माझ्या लेखी ही कामं आहेत, आणि कुणी सांगितलं म्हणून तिने ती केली नाहीत. बाईने पैसे स्वतःजवळ ठेवले तरच ती स्वतंत्र, हाही एक नियमच झाला की.

---

आर्द्रा

कामं आहेत, मान्य. पण तिच्या मृत्यूनंतर काय झालं बघा. १८९४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी चर्चमध्ये संगीतकार हँडेलच्या पुतळ्याजवळ तिचं स्मृतिचिन्ह लागलं. त्यावर मजकूर आहे हँडेलच्या 'मेसाया' या धार्मिक रचनेतला: माझा तारणहार जिवंत आहे हे मी जाणते. जिने केलेल्या अमीनाच्या भूमिकेसाठी (हो, ती लिंडचीही होती) लंडनच्या रस्त्यांत गाड्यांची कोंडी व्हायची, तिच्या स्मारकावर ऑपेराचा मागमूस नाही. बाई रंगमंचावरून उतरली तेवढीच जपायची, असा त्याचा अर्थ मला लागतो. लोकांना पॅटीला असं धुऊन पुसून घेता आलं नाही, कारण तिने तशी संधीच दिली नाही. शेवटपर्यंत ती रंगमंचाचीच राहिली.

---

नीलकंठ

ऑपेरा तिने अकरा वर्षं केली. हँडेल, हायडन, मेंडेल्सोन त्यानंतर तीस वर्षांहून जास्त गायली, आणि ते सगळं स्वतः निवडून. ॲबीतला मजकूर तिच्या त्या निवडीचाच आहे. तिला परत अमीनाच्या पोशाखात उभं करायचा आग्रह तुमचा आहे, तिचा नव्हता. पॅटीच्या बुटांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत, तिथे माझा वाद नाही.