बाळंतिणीची झोप आणि भूक दोन्ही उडाली आहेत. सव्वा महिना थांबावे का?

रानजाई, सातारा

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. बाळंतपण सुखरूप झाले, मुलगी चांगली बाळसे धरते आहे, बारसेही नीट पार पडले. बारशानंतर मात्र बहीण हळूहळू मिटत चालली आहे. बाळ झोपले तरी तिला झोप लागत नाही, अळिवाची खीर समोर ठेवली तरी ती दोन चमच्यांपुढे जात नाही, आणि “हिला दुसरी कुणी आई मिळाली असती तर बरे झाले असते” असे ती माझ्याजवळ बोलून गेली. आईचे म्हणणे असे की ओल्या बाळंतिणीला असे होतेच, सव्वा महिना सरला आणि शेकशेगडी नीट झाली की अंगात ताकद येईल.

बहीण पूर्वी नैराश्यासाठी औषध घेत होती आणि दिवस राहिल्याचे कळताच तिने ते स्वतःच बंद केले. डॉक्टरांकडे गेलो तर औषध सुरू होईल आणि बाळाचे दूध तुटेल, अशी भीती घरात सर्वांनाच वाटते. थांबावे का, कोणाकडे जावे आणि औषध घेताना अंगावर पाजता येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मानसोपचारतज्ज्ञ, पुणे

थांबू नये. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येणे, मन हळवे होणे हे निम्म्याहून अधिक स्त्रियांना होते आणि दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरते. आपल्या बहिणीचा त्रास ती मुदत ओलांडून वाढतो आहे, तिला पूर्वी नैराश्य होऊन गेले आहे आणि औषध मध्येच थांबले आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर हा केवळ थकवा असेल असे मी धरणार नाही.

एडिनबरा येथे तयार झालेली, 1987 साली प्रसिद्ध झालेली, बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठीची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. गेल्या सात दिवसांत मनाची अवस्था कशी होती, हे तीत विचारले जाते आणि एकूण गुण 30 असतात. साधारणपणे 13 किंवा अधिक गुण आले तर सविस्तर तपासणी करतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर “कधीच नाही” याहून वेगळे आले, तर एकूण गुण कितीही कमी असले तरी त्याच दिवशी पुढची चौकशी करावी लागते. आपण हा प्रश्न बहिणीला आजच, एकांतात आणि सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तसे विचार मनात येतात ही समजूत खरी नाही, उलट कोणीतरी विचारले याने बाईला हायसे वाटते.

दुधाविषयी : नैराश्यावरची सगळीच औषधे स्तनपानाच्या आड येत नाहीत. सर्ट्रालिनसारखे औषध दुधात फार थोड्या प्रमाणात उतरते आणि ते घेत असताना अंगावर पाजणे बहुधा चालू ठेवता येते. मनाच्या टोकाच्या चढउतारांवर आणि फेफऱ्यावर देतात त्या व्हॅल्प्रोएट या औषधाची गोष्ट वेगळी आहे. ज्या स्त्रीला पुढे दिवस राहण्याचा संभव आहे तिला ते शक्यतो देतच नाहीत. त्यामुळे घरातले जुने औषध काढून स्वतःच सुरू करू नये. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांचीही तपासणी करून घ्यावी, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडले तरी चित्र पुष्कळसे असेच दिसते. लगेच कोणी उपलब्ध नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनामूल्य बोलता येते.

अंगणवेल, म्हापसा

डॉक्टरांच्या म्हणण्याला गोव्याचा आधार देते. येथील मातांचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांना नैराश्य असल्याचे आढळले; त्यांपैकी बहुतेकींचे मन गरोदरपणातच बिघडलेले होते आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. सव्वा महिन्याने आपोआप बरे होईल या आशेवर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळावे. गरिबी आणि नवऱ्याशी बिनसलेले संबंध यांच्या जोडीला मुलगी होणे हेही त्या अभ्यासात एक कारण म्हणून पुढे आले. म्हणून विचारते, मुलगी झाली म्हणून सासरहून काही बोलले गेले आहे का? बाळंतीण ते शब्द कुणाला सांगत नाही, पण रात्रभर तेच उगाळत बसते.

पुढे गोव्यात संगात या संस्थेने नैराश्य आलेल्या मातांना आधार देण्यासाठी गावातल्या सामान्य स्त्रियांना शिकवून तयार केले. त्यांना सखी म्हणत. सखी गरोदरपणापासूनच घरी येत असे, मातेशी बोलत असे आणि घरच्यांनाही त्यात सामील करून घेत असे. औषधाची गरज नसलेल्या सौम्य त्रासात अशा बोलण्याचा पुष्कळ उपयोग होतो.

रानजाई, सातारा

आपणा दोघांचे मनापासून आभार. तिला विचारले. “जगू नये असे वाटते, पण काही करावेसे वाटत नाही” असे ती म्हणाली आणि खूप वेळ रडली. सासरहून बोलणे झालेच होते. मेहुणे आज रात्री येत आहेत आणि उद्या सकाळची वेळ घेतली आहे. सासूबाईंना मात्र वाटते की तिला दाखल करून घेतील आणि बाळ तिच्यापासून तोडतील.

परिचारिका, बेळगाव

दाखल करण्याची गरज थोड्याच जणींना पडते. तशी वेळ आलीच तर 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा बाळंतिणीच्या बाजूने आहे : उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आईच्या आजारामुळे मुलाला धोका असेल किंवा मुलाच्या हितासाठी व सुरक्षिततेसाठी तसे करणे गरजेचे असेल तरच तात्पुरते वेगळे ठेवता येते आणि त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तर आई आणि बाळ यांना एकत्र ठेवणारा स्वतंत्र विभागच आहे. असे विभाग आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत असायला हवेत, हे मला फार तळमळीने वाटते.

मानसोपचारतज्ज्ञ, पुणे

उद्याची वेळ घेतलीत हे फार चांगले केले. तोवर तिला एकटी ठेवू नका आणि घरातली औषधे, कीटकनाशके कुलपात ठेवा. ती असंबद्ध बोलू लागली, कुणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणाली, बाळाविषयी विचित्र शंका घेऊ लागली किंवा जीव देण्याचा विचार पक्का झाल्यासारखा वाटला, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच मोठ्या रुग्णालयात न्या. हजारांत एक-दोन बाळंतिणींना होणारा हा दुसरा, गंभीर आजार असू शकतो. त्याला बाळंतवात किंवा बाहेरचे काही समजून अंगारे-धुपारे करण्यात लोक मोलाचे दिवस घालवतात. आज रात्री दूध काढून ठेवून एक-दोन वेळा आजीने बाळाला वाटी-चमच्याने पाजले, तर तिला सलग चार-पाच तास पडता येईल. उद्या जाताना जुन्या औषधाची चिठ्ठी आणि प्रसूतीचे कागद सोबत न्या, आणि मेहुण्यांना बाहेर न बसवता तिची हरकत नसेल तर आत घेऊन जा.