मदत हवी आहे: वरचं तळं खालच्या तळ्यात का उतरत नाही?

नववीच्या मुलांसाठी हिमनदीच्या भूरूपांचं मातीचं मॉडेल करतोय. नमुना म्हणून नॉर्वेच्या यूतुनहाइमेन डोंगरातलं छोटं बेसवात्ने तळं घेतलंय. त्याचं पाणी १३७३ मीटरवर. त्याच्या अगदी कुशीत येंदे हे लांबट सरोवर, ९८४ मीटरवर. म्हणजे जवळजवळ ३९० मीटरचा फरक, आणि मध्ये बेसेग्गेन या डोंगरधारेचा सखल भाग, जेमतेम एक अरुंद पट्टी! फोटोत डावीकडे गर्द निळं पाणी, उजवीकडे हिरवट. हिरव्याचं कारण समजलंय: हिमनद्यांनी दळलेलं खडकाचं पीठ येंदेत येतं, बेसवात्नेत येत नाही.

अडलंय ते पुढे. समोच्च रेषा काढून पाहिल्या, उपग्रहचित्रंही झूम करून झाली. वरच्या तळ्याचं पाणी ही पट्टी सोडून पूर्वेकडे बेस्सा नदीने निघतं, एवढं दिसतं. पण ती पट्टी कशाची आहे ते नकाशा सांगत नाही. नॉर्वेजियन मला येत नाही, त्यामुळे तिकडचे भूशास्त्रीय अहवाल कामाचे नाहीत. धरणाचा बांध वगैरे नाही, ते आधीच तपासलंय.

मॉडेलमध्ये पट्टीला प्लास्टर लावू की खडी-माती, यावर सगळं अडून बसलंय. कोणी तिथे चालून आलंय का, किंवा हिमभूरूपं शिकलंय का? ती पट्टी सलग मूळ खडकाची आहे की हिमोढाची, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीची?